लिन्योंच्या वळणावरचं गाव: ल शांबोंच्या भूगोलानं त्याचा इतिहास कसा घडवला

फ्रान्सच्या मध्यापासून थोडं दक्षिणेला मासिफ सांत्राल नावाचा जुना, झिजलेला डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या पूर्व कडेला जमीन ऱ्होन नदीच्या खोऱ्याकडे एकदम उतरू लागते. त्या उताराच्या वर एक उंच पठार आहे, काही ओत-ल्वार जिल्ह्यात आणि काही शेजारच्या आर्देश जिल्ह्यात. या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर, ल शांबों-स्युर-लिन्यों हे गाव वसलंय. आजची वस्ती अडीच हजारांच्या आसपास.

१९४० ते १९४४ या काळात या गावानं आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांनी नाझींच्या तावडीतून सुटू पाहणाऱ्या माणसांना थारा दिला. त्यांत ज्यू मुलं फार होती. पुढे ही गोष्ट जगभर गेली आणि सांगणाऱ्यांनी बहुधा तिला चमत्काराचा रंग दिला: कुठलंसं डोंगरातलं गाव, भाबडी देवभोळी माणसं, एक तेजस्वी पाद्री. मला हे पटत नाही. यातला पाद्री खराच तेजस्वी होता, पण चमत्कार म्हटलं की प्रश्न विचारायचे थांबतात. याच गावात हे का झालं? शेकडो माणसं लपवायची तर खोल्या, खाटा, बटाटे, शाळा आणि तोंड बंद ठेवणारे शेजारी लागतात. हे सगळं त्या पठारावर आधीपासून का होतं, हे शोधत गेलं की गावाचा भूगोल आणि इतिहास एकाच दोरीचे दोन पीळ असल्याचं दिसतं. हा अभ्यास त्या दोरीचा आहे.

जमीन

गावाच्या नावातच त्याची जागा सांगितली आहे. 'शांबों' म्हणजे नदीच्या वळणातली सुपीक जमीन. हा शब्द फ्रेंचच्याही आधीच्या, गॉल लोकांच्या 'कांबो' म्हणजे वळण या शब्दापासून आला. लिन्यों ही पुढे ल्वारला जाऊन मिळणारी नदी इथे वळसा घेते आणि त्या वळशात गाव आहे. दक्षिणेला १७५३ मीटर उंचीचा मेझांक डोंगर आहे. फ्रान्सची सर्वांत लांब नदी ल्वार जिथून निघते तो झेर्बिए द झोंक नावाचा सुळकाही त्याच बाजूला आहे. हा सगळा प्रदेश ज्वालामुखीनं घडवलेला. मधूनमधून गोल डोक्याचे, एकेकटे उभे राहिलेले डोंगर दिसतात, त्यांना तिथले लोक 'स्युक' म्हणतात. त्यांच्यातून चपट्या थरांनी निघणारा करडा दगड घरांच्या छपरांवर घालतात. भिंती ग्रॅनाइटच्या, जाड, खिडक्या लहान. गुरांचा गोठा आणि माणसांचं घर एकाच छपराखाली, वर गवताचा माळा. थंडीत गुरांची ऊब घराला मिळावी म्हणून ही रचना.

कारण इथली थंडी साधी नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून 'ब्युर्ल' नावाचा वारा सुटतो. तो पडलेलं बर्फ उचलून रस्त्यांवर माणसाच्या उंचीचे ढीग लावतो. असा वारा सुटला की दोन वस्त्यांमधली वाट दिसेनाशी होते. जमीनही फारशी उदार नाही. राय, बटाटे, गवत आणि गायी एवढ्यावर पिढ्या जगल्या. गावाभोवती शेतघरं विखुरलेली. एकेक घर पाइनच्या जंगलातून जाणाऱ्या कच्च्या वाटेच्या टोकाला, शेजारच्या घरापासून हाकेच्याही पलीकडे.

हा विखुरलेपणा नीट लक्षात ठेवायला हवा. सलग वस्तीच्या गावात झडती घ्यायची तर दोन्ही टोकांना पहारे बसवून घरामागून घर तपासता येतं. इथे तसं करताच येत नाही. शंभर घरं म्हणजे शंभर वाटा, आणि प्रत्येक घराच्या मागच्या दारापासून जंगल. खालून चढणारी मोटार वळणावळणाच्या रस्त्यावर बरीच आधी दिसते, तिचा आवाज तर त्याहून आधी येतो.

'निर्जन देशा'ची आठवण

सोळाव्या शतकात या पठारावर प्रोटेस्टंट पंथ रुजला. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण ल प्वी हे कॅथलिकांचं मोठं तीर्थक्षेत्र आणि त्याच्याच डोक्यावर, पठारावर, प्रोटेस्टंटांचं हे बेट. १५९८ च्या नांतच्या फर्मानानं फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना काही हक्क दिले. १६८५ मध्ये चौदाव्या लुईनं ते फर्मान रद्द केलं. पाद्र्यांना पंधरा दिवसांत देश सोडायला सांगितलं, पण बाकीच्यांना देश सोडायलाही बंदी घातली. मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक पद्धतीनंच व्हायला हवा. गुप्त प्रार्थनेला गेलेला पुरुष सापडला तर राजाच्या गलबतावर वल्ही मारायला, बाई सापडली तर तुरुंगात, आणि उपदेश करणारा पाद्री सापडला तर फाशी.

पुढची सुमारे शंभर वर्षं इथल्या लोकांनी रानात, दऱ्यांत, कोठारांत लपून प्रार्थना केली. फ्रेंच प्रोटेस्टंट या काळाला 'देझेर', म्हणजे निर्जन देश म्हणतात. बायबलमध्ये इजिप्तहून निघालेले ज्यू लोक ज्या रानातून भटकले, तेच रान त्यांच्या मनात होतं. पठाराच्या परिसरात धर्मोपदेश करत फिरणारा देझ्युबा नावाचा तरुण पाद्री १७४५ च्या डिसेंबरात सेंत-आग्रेव्हजवळ पकडला गेला आणि पुढच्या फेब्रुवारीत मोंपेलिएला फासावर गेला. सेंत-आग्रेव्ह ल शांबोंच्या अगदी शेजारचं गाव. खालच्या व्हिव्हारे भागातली मारी द्युरां हिला १७३० मध्ये दक्षिणेच्या एग-मोर्त इथल्या बुरुजात डांबलं, ती बाहेर आली १७६८ मध्ये. अडतीस वर्षं! त्या बुरुजातल्या दगडावर कुणीतरी कोरलेला एक शब्द अजून वाचता येतो, 'रेझिस्ते', म्हणजे 'प्रतिकार करा'. बहुधा तिनंच कोरला असं मानतात. धर्म बदलते एवढं म्हटलं असतं तरी सुटली असती.

ही नावं पठारावरच्या मुलांना आजीच्या तोंडून कळत. मी कितीतरी ठिकाणी वाचलंय की या लोकांना ज्यूंबद्दल सहानुभूती होती कारण स्वतः छळ सोसला होता. हे खरं असलं तरी अपुरं आहे. छळ सोसलेली माणसं पुष्कळदा स्वतःपुरतंच बघायला शिकतात. इथे आठवणीबरोबर एक कसबही उतरलं होतं: सरकारी माणूस दारात आला तर चेहरा कोरा ठेवायचा, शेजाऱ्याच्या घरी कोण उतरलंय हे विचारायचं नाही, कायदा आणि सदसद्विवेक यांत वाद झाला तर कायद्याला थांबायला सांगायचं. शिवाय ही माणसं रोज बायबल वाचणारी, त्यातही जुना करार त्यांच्या विशेष जवळचा. ज्यू म्हणजे त्यांच्या लेखी पुस्तकातली जिवंत माणसं होती. पठारावर डार्बीपंथी म्हणून ओळखले जाणारे अत्यंत कडक, अबोल शेतकरीही बरेच होते. त्यांनी किती जणांना ठेवलं याचा हिशेब लागणं कठीण, कारण ते त्याबद्दल नंतरही बोलले नाहीत. ज्यू पाहुणे पाठवताना पुढच्या घराला 'जुने करार पाठवतोय' असा निरोप जाई, असं सांगितलं जातं.

फ्रेंच प्रोटेस्टंट आपल्या चर्चला 'तांप्ल' म्हणजे मंदिरच म्हणतात. ल शांबोंच्या साध्या दगडी मंदिराच्या दारावर एकच ओळ कोरलेली आहे: एकमेकांवर प्रेम करा.

हवा विकणारं गाव

आता जो भाग येतो, तो या प्रकरणात सर्वांत कमी सांगितला जातो आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पठाराच्या उत्तरेला सेंत-एतिएन हे कोळशाचं आणि पोलादाचं शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या कामगार वस्त्यांत धूर, दाटी आणि क्षय होता. तिथले पाद्री लुई कोंत यांनी १८९३ मध्ये एक काम सुरू केलं: खाणकामगारांच्या अशक्त मुलांना उन्हाळ्यात डोंगरावर पाठवायचं. ही मुलं वसतिगृहात नाही, पठारावरच्या शेतकऱ्यांच्या घरी राहत. शेतकऱ्याला थोडे पैसे मिळत, मुलाला दूध, ऊन आणि स्वच्छ हवा. हे वर्षानुवर्षं चाललं. संस्थेचं नावच होतं 'डोंगरावरची मुलं'.

१९०२ च्या सुमारास अरुंद रुळांची छोटी गाडी पठारावर चढली. मग मुलांच्या मागोमाग शहरातली मध्यमवर्गीय कुटुंबंही हवापालटासाठी येऊ लागली. छोटी हॉटेलं, जेवणासह खोली देणारी घरगुती 'पांसियों', मुलांची निवासगृहं उभी राहिली. विधवा बाई, निवृत्त शिक्षिका, दोन बहिणी अशा कुणीही घरात आठदहा खाटा टाकाव्यात आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाहुणे ठेवावेत. उन्हाळा संपला की गाव मिटून जायचं. खाटा रिकाम्या, गाद्या गुंडाळलेल्या.

म्हणजे १९४० उजाडलं तेव्हा ल शांबोंच्या लोकांना अनोळखी मुलं घरात ठेवण्याची जवळजवळ पन्नास वर्षांची सवय होती. स्टेशनवर गाडीतून शहरी मुलं उतरतात, कुणाच्या गळ्यात चिठ्ठी असते, शेतकरीण येऊन एकाला हाताला धरून घेऊन जाते, हे दृश्य गावानं दर उन्हाळ्यात पाहिलेलं. रस्त्यात नवा मुलगा दिसला तर कुणी वळून बघत नसे. लपण्यासाठी याहून चांगली जागा कुठली? दुर्गम खेड्यात परका माणूस लगेच डोळ्यांवर येतो. इथे परके हा रोजचा व्यवहार होता. पठार दुर्गम होतं आणि पाहुण्यांचंही होतं, असा जोड क्वचितच जमतो. त्याआधी स्पेनच्या यादवीतून पळालेली माणसंही इथे येऊन राहिली होती.

याच हवेसाठी १९४२ च्या उन्हाळ्यात क्षयानं आजारी असलेला, मूळचा अल्जीरियाचा फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू गावाजवळच्या पानलिए नावाच्या वस्तीत येऊन राहिला. नोव्हेंबरात दोस्तांच्या फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या, अल्जीरियाला परतायची वाट बंद झाली आणि तो फ्रान्समध्येच अडकला. प्लेगच्या साथीत दारं बंद झालेल्या शहराची त्याची कादंबरी तो इथेच लिहीत होता.

१९३४ मध्ये गावात आंद्रे त्रोक्मे हे नवे पाद्री आले. आई जर्मन, वडील फ्रेंच, पहिल्या महायुद्धाचा विध्वंस लहानपणी डोळ्यांनी पाहिलेला आणि त्यातून युद्धाला ठाम नकार देणारा हा माणूस. त्यांची बायको माग्दा मूळची फ्लॉरेन्सची. त्रोक्मे आणि त्यांचे सहकारी एदुआर तेइस यांनी १९३८ मध्ये गावात माध्यमिक शाळा काढली. हिवाळाभर झोपणाऱ्या गावाला ती जाग देईल हाही त्यात हेतू होता. मूठभर मुलांनी सुरू झालेली ही शाळा युद्ध संपेपर्यंत काही शेकड्यांवर गेली, कारण देशोधडीला लागलेले विद्यार्थी तिच्यात आले आणि नोकऱ्या गेलेले शिक्षकही.

चार वर्षं

२२ जून १९४० ला फ्रान्सनं जर्मनीपुढे शरणागतीचा करार केला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्रोक्मे आणि तेइस यांनी मंदिरात जे सांगितलं त्याचा सार असा: आपल्या सदसद्विवेकावर जोरजबरदस्ती होईल तेव्हा तिला आत्म्याच्या शस्त्रांनी विरोध करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे. व्हिशी शहरातून कारभार करणारं, जर्मनीशी सहकार्य करणारं नवं फ्रेंच सरकार तेव्हा अजून नीट स्थिरावलंही नव्हतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्या सरकारनं ज्यूंचे हक्क काढून घेणारा कायदा केला आणि परदेशी ज्यूंना छावण्यांत डांबण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला. ग्युर्स, रिव्हसाल्त अशा दक्षिणेकडच्या छावण्यांत चिखल, भूक आणि रोगराई होती.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी पाद्र्यांच्या घराचं दार वाजलं. बाहेर बर्फ पडत होतं. दारात जर्मनीहून पळून आलेली एक ज्यू बाई उभी होती. आत येऊ का, असं तिनं विचारलं. माग्दा म्हणाली, अर्थातच, या, आत या. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी कागदपत्रं मिळतील या विश्वासानं माग्दा गावच्या महापौराकडे गेली. त्यानं साफ नकार दिला: एका परदेशी बाईसाठी सगळं गाव धोक्यात घालू नका, तिला पाठवून द्या. माग्दाला तिला पुढे पाठवावं लागलं. हा प्रसंग पुढे माग्दानं स्वतः पुन्हापुन्हा सांगितला आणि त्याची टोचणी लपवली नाही. गाव एकमुखी नव्हतं, हे इथेच कळतं. विचारायचं कुणाला आणि विचारायचं नाही कुणाला, हे माग्दा त्या दिवशी शिकली.

मग काम आकार घेऊ लागलं. क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या अमेरिकन मदतकार्यकर्त्यांशी बोलणी झाली. छावण्यांतून मुलं सोडवता येतात, पण ठेवायची कुठे, हा त्यांचा प्रश्न होता. ल शांबोंकडे खाटा होत्या. १९४१ च्या मे महिन्यात स्विस मदत संस्थेनं ला गेस्पी हे पहिलं बालगृह उघडलं, मग आणखी दोन. सिमाद या प्रोटेस्टंट संस्थेनं एका जुन्या हॉटेलात मोठ्यांसाठी घर चालवलं. विद्यार्थ्यांसाठी मेझों दे रोश उभं राहिलं. गावचे आधीचे महापौर शार्ल गियों यांनी १९४० मध्ये पद सोडलं आणि जिनिव्हात राहून तिथून पैसा पोचवला. म्हणजे 'एका खेड्याचा चांगुलपणा' म्हणून जे सांगतात त्याच्यामागे जिनिव्हापासून फिलाडेल्फियापर्यंतचे धागे होते. त्यानं गावाचं मोल कमी होतं असं मला वाटत नाही. जगभरचा पैसा आणि सदिच्छा शेवटी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात येऊन थांबाव्या लागतात.

१९४२ च्या जुलैत पॅरिसमध्ये हजारो ज्यूंना धरून सायकल शर्यतींच्या बंदिस्त मैदानात कोंडलं. ऑगस्टमध्ये व्हिशी सरकारच्या युवक खात्याचा सरचिटणीस लामिरां ल शांबोंला आला. शाळेतल्या मोठ्या विद्यार्थ्यांनी त्याच्या हातात एक पत्र ठेवलं. पॅरिसमध्ये जे घडलं ते आम्हांला कळलंय, आमच्यात ज्यू आहेत, आम्ही ज्यू आणि बिगरज्यू असा भेद करत नाही, त्यांना पकडायला आलात तर आम्ही त्यांना लपवू, असा त्याचा आशय. अठरा-वीस वर्षांच्या पोरांनी सरकारच्या बड्या अधिकाऱ्याला हे लिहून द्यावं! थोड्याच दिवसांत, ऑगस्टच्या अखेरीस, दक्षिण फ्रान्सभर परदेशी ज्यूंची धरपकड झाली तेव्हा पोलीस बसगाड्या घेऊन गावातही आले. त्रोक्मेंकडे यादी मागितली, त्यांनी दिली नाही. पोलीस राहिले, शेतघरं धुंडाळली, आणि हाती जवळपास काहीच न लागता परत गेले. मुलं जंगलात होती. विखुरलेल्या वस्तीचा अर्थ त्या दिवसांत पोलिसांना समजला.

खोटी कागदपत्रं हे या कामाचं दुसरं फुप्फुस. ओस्कार रोझोव्स्की बर्लिनला जन्मलेला, वाढला नीसमध्ये. डॉक्टर व्हायचं होतं, पण ज्यूंवरच्या बंधनांमुळे ते दार बंद. म्हणून तो कचेऱ्यांतली टंकलेखन यंत्रं दुरुस्त करायला शिकला, आणि त्या निमित्तानं सरकारी कार्यालयातले शिक्के, छापील नमुने, सह्या जवळून पाहिल्या. आई छावणीत अडकली तेव्हा त्यानं खोटा परवाना तयार करून तिला सोडवलं. १९४२ च्या अखेरीस तो पठारावर आला आणि शेतघरातल्या खोलीत बसून रात्ररात्र ओळखपत्रं आणि शिधापत्रिका बनवू लागला. त्याच्या घरमालक शेतकऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. कागद, शिक्के, सामान सगळं त्या पेट्यांत. झडती घ्यायला आलेला शिपाई गवताची गंजी उसकतो, पलंगाखाली वाकतो, पण गुणगुणणाऱ्या पेटीचं झाकण कोण उघडणार? त्या पोरानं पुढे वैद्यकीचं शिक्षण पुरं केलं आणि डॉक्टर म्हणूनच जगला.

नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन फौजांनी दक्षिण फ्रान्सही ताब्यात घेतला. गावातल्या हॉटेलात जखमी जर्मन सैनिक विश्रांतीसाठी येऊन राहिले. त्यांनाही तीच हवा हवी होती. लपलेली मुलं आणि जर्मन सैनिक एकाच रस्त्यावरून जात. १३ फेब्रुवारी १९४३ ला त्रोक्मे, तेइस आणि सरकारी शाळेचे मुख्याध्यापक रोझे दार्सिसाक यांना अटक झाली. महिनाभरानं सुटका होताना व्हिशी सरकारचे प्रमुख मार्शल पेतां यांच्या आज्ञा पाळण्याच्या कागदावर दोन्ही पाद्र्यांनी सही करायचं नाकारलं, तरीही सोडलं.

२९ जून १९४३ ला मात्र गावावर घाला पडला. सकाळीच गेस्टापोची माणसं मेझों दे रोशमध्ये शिरली. त्या घराचे प्रमुख दानिएल त्रोक्मे, आंद्रेंच्या नात्यातले तिशीतले शिक्षक. त्यांच्याकडे ले ग्रियों नावाचं मुलांचं घरही होतं. तिथल्या मुलांच्या झिजलेल्या बुटांना जुन्या टायरचे तळवे ते स्वतः रात्री बसून लावत, असं सांगतात. छाप्याच्या वेळी ते ले ग्रियोंमध्येच होते. मागच्या दारानं जंगलात जाता आलं असतं. ते गेले नाहीत. आपल्या विद्यार्थ्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून ते त्यांच्यात जाऊन उभे राहिले.

बातमी कळताच माग्दा सायकलवरून तिकडे पोचली. अंगावर स्वयंपाकाचा एप्रन होता, त्यामुळे तिला घरातली कामवाली समजून कुणी अडवलं नाही. ती स्वयंपाकघरात थांबली. विद्यार्थ्यांना एकेकाला आत नेऊन विचारपूस आणि मारहाण चालली होती. तेवढ्यात तिला आठवलं: यांतल्या एका स्पॅनिश मुलानं काही दिवसांपूर्वी लिन्योंमध्ये बुडणाऱ्या एका जर्मन सैनिकाला ओढून बाहेर काढलं होतं. ती तशीच उठली, जर्मन सैनिक उतरले होते त्या हॉटेलात गेली आणि ज्यांनी हे पाहिलं होतं त्यांना साक्ष द्यायला घेऊन आली. तो मुलगा सुटला. अठरा विद्यार्थी आणि दानिएल यांना नेलं. त्यांतल्या ज्यू ठरवलेल्या पाच जणांना ऑशविट्झला पाठवलं आणि तिथे मारलं. दानिएल १९४४ च्या एप्रिलमध्ये मायदानेकच्या छावणीत मरण पावले.

यानंतर आंद्रे त्रोक्मे आणि तेइस भूमिगत झाले. मुलांना अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या स्विस सरहद्दीपर्यंत टप्प्याटप्प्यानं पोचवण्याचं काम चालू राहिलं. गावचे तरुण डॉक्टर रोझे ल फोरेस्तिए, जे आधी आफ्रिकेत श्वाइट्झर यांच्या रुग्णालयात काम करून आले होते, त्यांना १९४४ च्या २० ऑगस्टला ल्योंजवळ सेंत-झेनी-लाव्हाल इथे इतर कैद्यांबरोबर गोळ्या घातल्या. ल्यों शहर त्यानंतर दोन आठवड्यांत मुक्त झालं.

जे साच्यात बसत नाही

ल शांबोंची गोष्ट अहिंसेची म्हणून सांगतात. १९४४ च्या उन्हाळ्यात मात्र व्हर्जिनिया हॉल ही अमेरिकन हेर पठारावर होती आणि विमानातून उतरवलेली शस्त्रं तिथल्या सशस्त्र गटांपर्यंत पोचवत होती. गावातली काही पोरं त्या गटांत गेली. त्रोक्मेंना ते मान्य नव्हतं आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच पठारावर, कधी एकाच घरात घडल्या. मला वाटतं, ही ओढाताण झाकली तर त्या माणसांवर अन्याय होतो.

आकड्यांचंही तसंच. पाच हजार माणसं वाचली असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. नंतरच्या संशोधकांनी त्याहून कमी आकडे मांडले. लपवणाऱ्यांनी याद्या ठेवल्या नव्हत्या, ठेवल्या असत्या तर कुणी वाचलंच नसतं. जिल्ह्याचा प्रीफेक्ट, म्हणजे सरकारनं नेमलेला मुख्य अधिकारी, बाक याच्याबद्दलही मतं वेगळी आहेत. तो व्हिशीचे हुकूम बजावत होता, पण छाप्यांची कुणकुण गावाला आधी लागू दिली जात होती का, यावर वाद आहे. पाद्र्यांच्या घरी निनावी फोन येत एवढं नक्की.

आणखी एक. नाव ल शांबोंचं झालं, पण माझे-सेंत-व्हुआ, तांस, फे, सेंत-आग्रेव्ह या शेजारच्या गावांनीही तेच केलं, त्यांत कॅथलिक घरंही होती. १९९० मध्ये याद वाशेम या इस्रायली संस्थेनं दिलेला सन्मान म्हणूनच एका माणसाच्या नावाचा नव्हता, तो ल शांबों आणि आसपासच्या वस्त्यांना मिळून होता. असा सामूहिक सन्मान नेदरलँड्समधल्या नियूलांडे या गावाशिवाय दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

भूगोलानं हे घडवलं असं मी म्हणतोय का? नाही. जंगल, विखुरलेली घरं, रिकाम्या खाटा, जुनी आठवण हे सगळं त्या नकार देणाऱ्या महापौरापाशीही होतंच. या गोष्टींनी फक्त एवढं केलं की जिला दार उघडायचं होतं, तिला ते उघडता आलं.

आत्ता

१९७९ मध्ये इथे लपलेल्या ज्यूंनी मंदिरासमोर कृतज्ञतेचा फलक बसवला. २०१३ मध्ये त्याच भागात या इतिहासाचं संग्रहालय उघडलं. त्रोक्मे आणि तेइस यांची शाळा २०१४ मध्ये बंद झाली. ती छोटी गाडी उन्हाळ्यात पर्यटकांसाठी अजून धावते. गावात आश्रय मागणाऱ्या परदेशी कुटुंबांसाठी निवासकेंद्र आहे आणि त्यांची मुलं गावच्या शाळेत जातात.

२०२० च्या डिसेंबरात ल्योंजवळ नव्वद वर्षांचे एक गृहस्थ वारले. जन्म व्हिएन्नाचा. १९४३ मध्ये रिव्हसाल्तच्या छावणीनंतर हे ज्यू कुटुंब ल शांबोंला आलं, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. युद्ध संपेपर्यंत तिथेच लपून राहिले, शिकले. नंतर औषधांच्या व्यवसायात आयुष्य गेलं. मृत्युपत्र उघडलं तेव्हा त्यांनी आपली सुमारे वीस लाख युरोंची मालमत्ता गावाच्या नावे केल्याचं कळलं. पैसे कशावर खर्च करावेत हेही त्यांनी सुचवून ठेवलं होतं: गावातल्या मुलांच्या शिक्षणावर.